कोंडांक ब्याऐंशी

तुम्ही काय करता असं कोणी विचारलं की मी "वाचते" एवढंच सांगते. विचारणाऱ्याला वाटतं, बाईला काही उद्योग नाही. पण साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण खरोखरच दिवसभर वाचत बसतो आणि त्याचाच पगार घेतो. आम्ही वाचतो ते निरोप. कोणीतरी पाठवलेले, पण ज्याला पाठवले त्याच्यापर्यंत न पोचलेले, चाळणीने मध्येच अडवलेले. अर्थात ज्यांच्याबद्दल तक्रार येते तेवढेच, आणि तेही तक्रार करणाऱ्याच्या परवानगीने. उगाच कोणाच्या घरात डोकावायची आम्हाला मुभा नाही आणि हौसही नाही.

चाळण आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती नव्हती तेव्हाची गोष्ट माझ्या मुलीला खोटी वाटते. दिवसाला दोनशे निरोप यायचे. प्लॉट विकणारे, केस उगवून देणारे, बँकेतून बोलतोय म्हणून थापा मारणारे. फोन वाजला की उचलावा की नको असं व्हायचं. मग चाळण आली. ईमेल असो, मोबाइलवरचा निरोप असो की फोन, सगळं आधी तिच्यातून जातं. प्रत्येक निरोपाला ती शून्य ते शंभर यांमधला एक आकडा देते. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला कोंडांक म्हणतो. सत्तरच्या आत असेल तर निरोप म्हणजे दाणा, तो तुमच्याकडे येतो. सत्तर किंवा त्याच्या वर गेला की कोंडा. कोंडा तुम्हाला दिसतसुद्धा नाही, तीस दिवसांनी तो पुसला जातो. आधी दिसायचा, पण लोक दाण्यापेक्षा कोंड्यातच जास्त वेळ हात घालून बसायला लागले, म्हणून कंपनीने तो झाकून टाकला. लोकांनी कंपनीचे आभार मानले.

हा आकडा काढायची जुनी रीत शब्दांवर चालायची. एखादा शब्द नको असलेल्या निरोपांत किती वेळा येतो आणि हव्या असलेल्या निरोपांत किती वेळा, त्या प्रमाणात त्याला वजन. "अभिनंदन" जड, "डबा" हलका. सगळ्या शब्दांची वजनं एकत्र केली की निरोपाची लायकी कळायची. पण ठकही शहाणे होतात, त्यांनी शब्द बदलले. म्हणून सतरा महिन्यांपूर्वी चाळणीची नवी आवृत्ती आली. ती निरोपाकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघते. निरोप उघडल्यावर तुम्ही तो किती सेकंदांत पुसला, उत्तर दिलं का, पाठवणाऱ्याचे आधीचे निरोप तुम्ही उघडता की तसेच ठेवता. एकट्या माणसावरून शिकायला फार वेळ लागतो, म्हणून एका भाषेच्या, एका भागातल्या, साधारण एका वयाच्या माणसांचा ती एक वाफा करते. वाफ्यातल्या बहुतेकांनी जे तीन सेकंदांत पुसलं, ते उरलेल्यांनाही नकोच असणार, असं धरून चालते. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा तिचं बरोबर असतं. आम्ही अकरा जण उरलेल्या दोनसाठी.

मार्च महिन्यात माझ्या टेबलावर एक कागदी पत्र आलं. कोरेगाव तालुक्यातले भोईटे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. तीन पानं, एकही खाडाखोड नाही. त्यांनी लिहिलं होतं, "माझी पत्नी नोव्हेंबरात वारली. तिच्या सख्ख्या भावाला मी सांगलीला तातडीने निरोप पाठवला. तो आला नाही. दहाव्यालाही आला नाही. मी त्याच्याशी संबंध तोडला. परवा एका लग्नात भेटला तेव्हा रडत म्हणाला, दाजी, मला निरोपच आला नाही. आम्हा दोघांपैकी कोण खोटं बोलत आहे, हे आपलं यंत्र सांगू शकेल काय?"

निरोपाचा मजकूर तीस दिवसांनी जातो, पण त्याचं गुणपत्रक दोन वर्षं राहतं. कोणी, कोणाला, कधी पाठवला, कोंडांक किती पडला आणि कशाकशामुळे पडला. मी ते काढून पाहिलं. एकोणऐंशी. म्हणजे गुरुजी खरे होते आणि मेहुणाही खरा होता.

मजकूर गुरुजींनी पत्राला जोडला होता. दुःखद निधन, अंत्यविधी ठीक चार वाजता, सर्वांनी नोंद घ्यावी. मी तो चाळणीच्या नजरेने वाचून पाहिला. एकाच वेळी दीडशे जणांना गेलेला, कोणाचं नाव घेऊन न लिहिलेला, खाली "ठीक चार वाजता". साड्यांच्या सेलची जाहिरातही अशीच असते. पण नुसत्या शब्दांनी आकडा इतका चढला नव्हता. मोठा भार वाफ्याने टाकला होता, आणि ते का हे मला कळेना. मी ऋतुजाकडे गेले.

ऋतुजा नाईकनवरे आमची प्रमुख. पुण्याची, एकतीस वर्षांची. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं तर तिने हात जोडले, "नुसतं ऋतुजा म्हणा, प्लीज." हुशार पोरगी आहे, आणि आपलं चुकलं तर चुकलं म्हणते, हे त्याहून दुर्मीळ. तिने अर्धा तास काहीतरी शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"वनिताताई, हा एकच नाहीये. सातारा, सांगली, कोल्हापूर. निधनाच्या बातमीचे मराठी निरोप. सतरा महिन्यांत एकतीस हजार कोंड्यात गेलेत. सुरुवातीला सगळे पोचत होते, मग दर महिन्याला कमी होत गेले. आता दहातले दोन पोचतात."

"आणि तक्रारी किती आल्या?"

"ही धरून चार."

मला त्याचं नवल वाटलं नाही. ज्याला निरोप आला नाही, त्याला तो आला नाही हे कळणार कसं? आणि ज्याने पाठवला, त्याच्या फोनवर "पोचला" अशी खूण दिसते. ठकांना सुगावा लागू नये म्हणून कोंड्यात गेलेल्या निरोपालाही आम्ही ती खूण देतो. मग पाठवणारा म्हणतो, बघितलं आणि आला नाही. न आलेला म्हणतो, मला कळवलंच नाही. रुसायला आमच्याकडे कोणी यंत्रापर्यंत जात नाही, त्याला नातेवाईक पुरतात.

"पण हे बघा ना," ऋतुजा म्हणाली. "दहातले नऊ लोक हा निरोप उघडतात आणि तीन सेकंदांत पुसतात. रिप्लाय तर जवळजवळ कोणीच देत नाही. लॉटरीच्या निरोपांचेसुद्धा यापेक्षा बरे आकडे आहेत. चाळण म्हणणारच की लोकांना हे नकोय. तिचं लॉजिक चुकलेलं नाही."

मी खुर्ची ओढून बसले आणि तिला माझ्या लहानपणचं पोस्टकार्ड सांगितलं. पाटणच्या पुढे आमचं गाव. पोस्टमन बांधापाशी उभा राहून हाक मारायचा. कार्डाच्या डोक्यावर "श्री" नसलं, म्हणजे कोणीतरी गेल्याचं कार्ड असलं, की वडील ते हातात घेऊन तिथेच, उंबऱ्याबाहेर उभे राहून वाचायचे. वाचून झालं की त्याचे चार तुकडे करून उकिरड्यावर टाकायचे, हातपाय धुवायचे आणि मग आत येऊन आईला सांगायचे. तसलं पत्र घरात आणत नाहीत. ठेवायचं तर नाहीच नाही. कार्डं गेली, फोन आले, पण हाताची सवय गेली नाही. फोन काय, घरातच असतो.

"म्हणजे तुम्हीसुद्धा पुसता?"

"वाचलं की लगेच. आमच्या भागात कोणाच्याही फोनमध्ये तसला निरोप सापडायचा नाही."

"आणि उत्तर? नुसतं, वाचून वाईट वाटलं, एवढंही नाही?"

"अशा बातमीला उत्तर लिहीत नाहीत, ऋतुजा. जातात."

ती पुन्हा कीबोर्डकडे वळली. फोन कुठे आहे याची ढोबळ नोंद चाळणीकडे असते, परगावाहून चोरलेल्या फोनवरून कोणी ठकवू नये म्हणून. ऋतुजाने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या. पहिल्या काही महिन्यांत ज्यांना निरोप पोचला आणि ज्यांनी तो तीन सेकंदांत पुसला, त्यातले दहातले सात जण दोन तासांच्या आत आपलं गाव सोडून रस्त्याला लागले होते.

"आपण बोटं पाहिली," ती म्हणाली. "पाय पाहिलेच नाहीत."

मी हो म्हटलं, पण माझं लक्ष उडालं होतं. सतरा महिने हा आकडा मघापासून डोक्यात फिरत होता. माझी आई जाऊन अकरा महिने झाले होते.

ते आता सांगायला हवं. आई आधी दोन महिने माझ्याकडे साताऱ्याला होती. तिला ऐकू येणं बंद झालं होतं, गुडघे गेले होते, पण माझ्याकडे ती रमली होती. मग गावात कोणीतरी माझ्या धाकट्या भावाला, धनाजीला, म्हणालं असेल की मुलगा असताना म्हातारी लेकीच्या दारात पडलीय. तो एका दुपारी आला आणि तिचं बोचकं बांधून घेऊन गेला. मी ऑफिसात होते. घरी आले तर रिकामी कॉट. मला विचारलं नाही, फोन केला नाही. मला इतका राग आला की मी त्या दिवसापासून त्याचा एकही निरोप उघडला नाही. त्याला ब्लॉक केलं नाही, कारण तसं केलं असतं तर मी वाईट ठरले असते. नुसते येऊन पडू दिले. आईशी फोनवर बोलणं शक्य नव्हतं, तिला ऐकूच यायचं नाही. गावच्या बसच्या कंडक्टरकडे मी तिच्यासाठी बिस्किटं, गुडघ्याचं तेल द्यायची. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत चौदा महिने गेले.

एका गुरुवारी मी स्टँडवर पिशवी घेऊन गेले तेव्हा कंडक्टरने हात पुढे केला नाही. "आक्का, हे आता कुणाला न्यायचं?" तो म्हणाला. आई रविवारी गेली होती. सावडणंही झालं होतं.

मी तिथूनच धनाजीला फोन लावला. तो म्हणाला, "कळवलं हुतं. पोचलं म्हणून दिसतंय हितं." मी फोन पाहिला. त्याचे एकतीस निरोप न उघडलेले पडले होते, शेवटचा आई जायच्या आठ दिवस आधीचा. रविवारचा नव्हताच. मला वाटलं, हा माणूस आईच्या मरणावरही खोटं बोलतोय. मी ते एकतीसच्या एकतीस निरोप न वाचता पुसून टाकले. दहाव्याला गेले नाही. ज्या घराने मला आईचं तोंड बघू दिलं नाही त्या घरात मी पाय ठेवणार नाही, असं मी कंडक्टरकडेच निरोप देऊन कळवलं. आपल्या चाळणीने काही केलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. दुकानदाराला स्वतःचं माप कधी खोटं वाटत नाही.

दुपारी ऋतुजा जेवायला गेल्यावर मी माझं गुणपत्रक काढलं. स्वतःचं बघायला कोणाची परवानगी लागत नाही. रविवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. धनाजी पाठवतो, वनिता घेते. कोंडांक ब्याऐंशी.

पाठवला होता. माझा भाऊ खोटं बोलला नव्हता. मी उठून खिडकीशी गेले, परत आले, आणि मग खालचा तपशील वाचला. रोज दुसऱ्यांचा वाचते तसाच. शब्दांचे चौतीस. वाफ्याच्या पुसण्याचे एकवीस. उत्तर न देण्याचे आठ. आणि शेवटची ओळ, पाठवणाऱ्याशी संबंध, एकोणीस. चौदा महिने एकही निरोप न उघडल्याबद्दल.

बेरीज करायला मला कागद लागला नाही. यंत्राची सगळी चूक धरूनही त्रेसष्ट होत होते. त्रेसष्ट म्हणजे दाणा. वरचे एकोणीस माझे होते. मी त्याचा एखादा जरी निरोप उघडला असता, तरी त्या एकोणीसचे पाच-सहा झाले असते आणि पुढच्या सगळ्या गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. माणसाला आपली चूक झाली हे कळतं, पण ती नेमकी किती झाली हे सहसा कोणी सांगत नाही. मला ते आकड्यात मिळालं होतं. मी तो कागद छापून पर्समध्ये ठेवला आणि ऋतुजाला काही बोलले नाही.

दुरुस्ती आठ दिवसांत झाली. वरच्या लोकांना ती गुपचूप करायची होती, चार तक्रारींसाठी बोभाटा कशाला. ऋतुजाने मात्र हट्ट धरला. निधनाच्या शब्दांना नुसती सूट दिली तर पंधरा दिवसांत ठक त्याच शब्दांत साड्या विकायला लागतील, म्हणून तिने चाळणीला पाय बघायला शिकवलं. निरोप पुसल्यावर वाफ्यातली माणसं उठून निघाली, तर तो नको असलेला निरोप नव्हे. आणि दुसरं म्हणजे, ज्यांनी ते एकतीस हजार निरोप पाठवले होते आणि ज्यांना मिळाले नव्हते, त्या सगळ्यांना पत्र जायलाच हवं, असं तिने वर ठणकावून सांगितलं. मराठी पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

माझा मसुदा वाचून ती थांबली. "ताई, एक गोष्ट. यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याचे निरोप केवळ आपल्यामुळे अडले नाहीत. घेणारे त्या माणसाचे निरोप आधीपासून उघडतच नव्हते. उघडत असते तर आपली चूक असूनही ते पोचले असते. तुम्ही तर लिहिलंय, संपूर्ण दोष आमच्या चाळणीचा आहे."

"मग काय लिहू? आमचं चुकलं, पण थोडं तुमचंही?"

"खरं तर तसंच आहे."

"सात-आठ हजार माणसं आहेत ती. कोणाचा बाप गेलाय, कोणाची बहीण. त्यांना आता हा हिशोब देऊन काय मिळवायचंय?"

तिने विचार केला. "ठीक आहे. लोक तुमचे, भाषा तुमची. तुम्हाला जास्त कळतं."

मला खरोखरच तसं वाटत होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. भोईटे गुरुजींचा मेहुणा माझ्या डोळ्यांसमोर होता. पण ती ओळ तशीच ठेवताना पर्समधला कागदही मला दिसत होता, हेही तितकंच खरं आहे. त्या एकतीस हजारांत एक पत्र धनाजीला जाणार होतं.

पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. मी उचलला.

"आक्का, पत्र आलं," तो म्हणाला. "मशिननं खाल्लं गं. आन् मी वरीसभर तुला काय काय बोललो. आख्ख्या गावाला सांगत फिरलो की आईला बगायला आली न्हाई. माझ्या तोंडाला कसलं हाड न्हाई बघ."

"धनाजी, आसू दे आता."

"आसू दे कसं? सतरा तारखेला वर्षश्राद्ध हाय. तू यायचंस. आल्याबिगर पान वाढायचं न्हाई म्हणून सांगितलंय उज्ज्वलाला."

मी येते म्हणाले. फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली. वर्षभर हवं होतं ते मला मिळालं होतं, पण ते माझ्याच हाताने लिहिलेल्या एका ओळीवर मिळालं होतं. गप्प राहिलं तर कोणाचं काय जात होतं? भाऊ परत मिळत होता, माहेर परत मिळत होतं. पुढचे दहा दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, आणि रोज कागद पर्समधून काढायचा ठरवून काढत नव्हते.

सतराला मी पहिल्या बसने गेले. अंगणात पाऊल टाकलं तशी माझी भावजय उज्ज्वला धावत आली आणि गळ्यात पडून मोठ्याने रडली. आत भिंतीवर आईचा फोटो, हार घातलेला. नातेवाईक, भावकी, शेजारी मिळून पन्नासेक माणसं होती. काहींनी माझ्याकडे पाहून मान फिरवली, तशी धनाजीने सगळ्यांच्या मध्ये उभं राहून घसा साफ केला.

"एक सांगायचंय. मागल्या साली मी समद्यांस्नी म्हणत हुतो, बहिणीला कळवलं आन् ती आली न्हाई. ते खोटं हाय. कंपनीचं पत्र आलंय. तिला बातमी पोचलीच न्हवती. आमच्या आक्काचा ह्यात काय बी दोष न्हाई. दोष मशिनचा."

माना फिरवलेले लोक माझ्याकडे वळले. एक म्हातारी जवळ येऊन माझ्या गालावरून हात फिरवून गेली. मला तिथे बसवेना. माझ्यासाठी माझा भाऊ चारचौघांत खाली मान घालून उभा होता आणि मी ते घेत होते.

नैवेद्य ठेवून झाला, माणसं पंगतीच्या तयारीला लागली. धनाजी मागच्या पडवीत हातपाय धुऊन एकटाच टेकला होता. केस बरेच पांढरे झाले होते त्याचे. मी कागद काढून त्याच्यापुढे धरला.

"त्या पत्रात समदं लिवलेलं न्हाई," मी म्हणाले. गावात गेलं की माझी बोली आपोआप बदलते. "ते पत्र मीच लिवलंय. हे बघ."

त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये एकोणीस कसलं?"

"ते माझं. तुझं एक बी निरोप मी उघडत न्हवते, चौदा महिने. एक जरी उघडला आसता तर आईची बातमी मला पोचली आसती. मशिन चुकलं, पर एकट्या मशिनमुळं न्हाई झालं ते. माझ्यामुळं झालं."

आता तो उठून जाईल, असं मला वाटलं. किंवा आत जाऊन सगळ्यांना सांगेल. त्याने कागदाची घडी घातली आणि मला परत दिला.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू उघडत न्हाईस ते. दिसतंय की हितं. पोचला म्हणून येतं, वाचला म्हणून येत न्हाई. चौदा महिने बगत हुतो. आई जायच्या आधी आठ दिस लिवलं हुतं मी, आई जेवत न्हाई, तुझं नाव घेती, येऊन जा. ते बी तसंच पडून."

मी ते वाचलं नव्हतं. तसंच पुसलं होतं.

"त्या दिवशी उज्ज्वला म्हणाली, मोटारसायकलवर कुणाला तरी साताऱ्याला धाडा, दोन तासांत घिऊन यील. मी म्हटलं, कळवलंय मी. ज्यानं ज्यानं इचारलं त्याला तेच सांगितलं, कळवलंय, तुमी कुणी फोन करू नगा." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तू बगणार न्हाईस तिथंच धाडलं मी, आक्का. समजून उमजून. म्हंजे कळवल्यासारखं बी हुतंय आन् तू येणार बी न्हाईस. पत्र आलं तवा मला काय वाटलं सांगू? सुटलो, वाटलं. मशिनवर गेलं समदं."

मला संताप आला. अकरा महिने जो राग मी चुकीच्या कारणासाठी केला होता, तो आता खऱ्या कारणाने आला, आणि तरी तो त्याच्यावर काढता येईना, कारण त्याचे एकोणीस आणि माझे एकोणीस कुठे वेगळे करायचे हे मला दिसत नव्हतं. यंत्राने फार काही केलं नव्हतं. आम्ही दोघं जे करून बसलो होतो, तेच त्याने पुरं केलं होतं.

"आईला किती वाजता नेलं?" मी विचारलं.

"चार वाजता. भावकी म्हणत हुती बारालाच उचला, ऊन हाय. मी चारपातूर उचलू दिली न्हाई. तोंड उघडं ठेवलं हुतं."

"मी येणार न्हाई हे तुला ठावं हुतं ना? मग कशाला थांबलास?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "कुणीतरी माझं न ऐकता तुला सांगितलं आसंल, आसं वाटत हुतं. बस आली की फाट्याकडं बगायचो."

मी त्याच्या शेजारी बसले. आई गेल्याला वर्ष झालं होतं, पण तिच्या माणसाजवळ बसून तिच्यासाठी रडायची माझी ती पहिलीच वेळ होती. तोही रडला. आतून पंगतीसाठी हाका येत होत्या, आणि उज्ज्वला कोणाला तरी सांगत होती की बहीणभाऊ बसलेत, थोडं थांबा.